राइट्स इश्यू आणि रिव्हर्स स्प्लिट: सुरुवातीला एवढं पुरे

1000 शेअरचे 100 झाले म्हणून घाबरू नका. रिव्हर्स स्प्लिट म्हणजे कंपनी अनेक शेअर एकत्र करून त्यांचा एक शेअर करते. दहास एक रिव्हर्स स्प्लिटमध्ये भाव दहापट होतो, त्यामुळे एकूण किंमत आणि कंपनीतला तुमचा वाटा तोच राहतो. अपूर्णांक उरला तर बहुधा त्याचे पैसे मिळतात. खरी चौकशी वेगळी करा: कंपनीवर ही वेळ का आली? भाव बाजाराच्या किमान मर्यादेखाली गेला असेल, तर धंद्याची तब्येत आधी पाहा.

राइट्स इश्यूकडे, म्हणजे कंपनी सध्याच्या भागधारकांना नवे शेअर, बहुधा सवलतीत, घेण्याचा हक्क देते त्याकडे, मात्र जास्त लक्ष द्या, कारण इथे काहीच न करणं महागात पडतं. समजा भाव 100 आहे आणि दर 4 शेअरमागे 1 नवा शेअर 75 ला मिळतोय. हिशोब करा: 4 × 100 + 75 = 475, भागिले 5, म्हणजे इश्यूनंतरचा भाव साधारण 95. सवलत म्हणजे फुकटचा नफा नव्हे, त्या बदल्यात जुन्या शेअरची किंमत उतरते. तुम्ही गप्प बसलात आणि बाकी सगळ्यांनी पैसे भरले, तर तुमचा वाटा पाचव्या हिश्श्याने घटतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शेवटची तारीख चुकवणं. हक्क रद्द होतो.
- हक्क विकता येतो का, हे न पाहणं. पैसे घालायचे नसतील तर विकून भरपाई मिळू शकते.
- पैसा कशासाठी उभारतायत ते न वाचणं. जुनं कर्ज फेडायला की नवा कारखाना उभारायला, यात फार फरक आहे.

ऑफर डॉक्युमेंटमधलं (इश्यूची माहिती देणारं कंपनीचं पत्रक) ‘उद्देश’ हे प्रकरण आधी वाचा. बाकीचं हळूहळू समजेल.