वायांग, कळसूत्री आणि तो पांगाऱ्यावरचा दोरा

एका वाचकाने विचारलंय: 'बालीच्या कळसूत्री बाहुल्या आता प्रोजेक्टरवर' असा मथळा वाचला. वायांगला (बाली-जावातल्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाला) कळसूत्री म्हणता येईल का? 'वायांग' हा शब्द संस्कृत आहे का? आणि बल्ब-प्रोजेक्टर आल्यावरही त्याला वायांगच म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही नाही. तिसऱ्याकडे येतोच.

'कळसूत्री'त सूत्र आहे, म्हणजे दोरा. वरून दोरा ओढला की खाली बाहुली नाचते, ती कळसूत्री. वायांग कुलितची बाहुली म्हणजे कोरून रंगवलेलं सपाट कातडं (कुलित म्हणजे कातडं). मधोमध एक दांडी, हात हलवायला वेगळ्या काड्या. दोरा कुठेच नाही. मराठीत शब्द नाही म्हणावं तर तसंही नाही. कोकणातल्या पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्याही नाचवतात आणि चामड्याच्याही, आणि दोन्हींना वेगवेगळी नावं देतात. मथळे लिहिणाऱ्यांना मात्र बाहुली दिसली की 'कळसूत्री' सुचतं.

आता व्युत्पत्ती. मलय भाषेत 'बायांग' म्हणजे सावली, पडछाया. जावानीत त्याचा 'वायांग' होतो. ब-व ची ही अदलाबदल आपल्याला नवी नाही. आपण वीस म्हणतो, हिंदीवाला बीस. यात संस्कृत कुठेही नाही. काही विद्वान 'ह्यांग', म्हणजे देव किंवा पितर, यातून वायांग काढतात. ऐकायला भारदस्त वाटतं, पण समोर सरळ सावली पडलेली असताना देवाला कशाला वेठीस धरायचं? दुसरी मंडळी आपल्याकडची. त्यांना जगातलं सगळं इथूनच गेलेलं हवं असतं. बालीत महाभारत-रामायणाच्या कथा चालतात हे खरं, पण कथा गेली म्हणून खेळाचं नावही गेलं असं होत नाही. जावातल्या इ.स. 907च्या शिलालेखात हा शब्द चक्क क्रियापद होऊन आलाय: कुणी गालिगी नावाचा माणूस देवांसाठी 'मावायांग' करतो, भीमाची कथा लावतो. तेव्हा तो तिथला घरचाच शब्द होता.

संस्कृत आहे ते दुसरीकडे, आणि मला खरा आनंद तिथेच आहे. बालीच्या वायांगात राजे, देव, पांडव बोलतात ती भाषा 'कावी'. हा आपला 'कवि'! जुन्या जावानी काव्याची ही भाषा संस्कृत शब्दांनी भरलेली, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांतल्या बहुतेकांना ती कळत नाही. म्हणून प्रत्येक बाजूला सेवकांची जोडी. उजवीकडे, पांडवांच्या पक्षात, त्वालेन आणि त्याचा मुलगा मर्दाह. डावीकडे गलगंड झालेला बढाईखोर देलेम आणि त्याचा आतल्या गाठीचा भाऊ सांगुत. धनी कावीत बोलला की सेवक साध्या बालीनीजमध्ये उलगडून सांगतो. या सेवकांना म्हणतात 'पनासार', 'दासार' म्हणजे पाया यावरून. नोकरांना पाया म्हणणारी भाषा मला फार आवडली.

माझं म्हणणं असं (आणि यावर मी कुणाचं ऐकणार नाही): बालीत नवा जमाना वायांगमध्ये शिरला तो पनासारच्या तोंडून. अर्जुनाच्या तोंडी मोटरसायकल घालता येत नाही, कावीत ती शोभणारच नाही. देलेमच्या तोंडी काहीही घाला. दालांग, म्हणजे खेळ करणारा, पिढ्यानपिढ्या हेच करत आलाय. पायाच्या बोटांत चेपाला नावाची लाकडी मोगरी धरून बाहुल्यांच्या पेटीवर ठोके देतो आणि त्या ठोक्यांच्या मध्ये गावातल्या भानगडी पेरतो. आजचा सगळ्यात गाजलेला दालांग, बालीतल्या ताबानानचा इ वायान नार्दायाना, याच्या खेळाचं नाव 'चेंक ब्लोंक'. क्लेंचेंग आणि चेब्लोंग या दोन सेवकांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. ना राजाचं नाव, ना देवाचं. मोठा पडदा, रंगीत दिवे, मोठा वाद्यवृंद हे सगळं त्याने आणलं, पण लोक येतात ते त्या दोघांच्या विनोदासाठी. 2000 साली ॲडलेडच्या महोत्सवात बालीचा दालांग इ माडे सिदिया आणि ऑस्ट्रेलियन मंडळींनी 'द थेफ्ट ऑफ सीता' केलं, तेव्हाही रामायण पुढे नेलं ते त्वालेन-मर्दाह यांनी.

आता तिसरा प्रश्न. तेलाचा दिवा गेल्याची हळहळ मला कळते. खोबरेल तेलाच्या दिव्याची ज्योत हलते, तशी पडद्यावरची सावलीही श्वास घेतल्यासारखी हलते. बल्बखाली ती गोठते. पण 'सावली गेली म्हणजे वायांग संपलं' हे म्हणणाऱ्यांनी बालीतलंच 'वायांग लेमाह' बघावं. लेमाह म्हणजे दिवस. भरदिवसा, देवळातल्या पूजेच्या वेळी हा खेळ होतो. ना पडदा, ना दिवा, ना सावली. दापदापच्या, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या कुळातल्या झाडाच्या, दोन फांद्यांमध्ये सुती दोरा ताणतात आणि बाहुल्या त्याला टेकवतात. प्रेक्षक असले तर असले. खेळ देवांसाठी असतो. ज्या शब्दाचा अर्थ सावली, तो बिनसावलीच्या खेळालाही चालतो, 'वायांग वोंग' म्हणून हाडामांसाच्या नटांनाही चालतो. मग 'वायांग लिस्त्रिक' (लिस्त्रिक म्हणजे वीज, हा डचांकडून आलेला शब्द) म्हटल्याने काय बिघडलं?

दोरा शेवटी सापडला म्हणून कळसूत्रीवाल्यांनी खूश होऊ नये. तो बाहुली ओढायला नाही, टेकवायला आहे.

मराठीत लिहायचं तर 'वायांग' लिहा, नाहीतर 'सावल्यांचा खेळ'. आणि दालांगांच्या नावातल्या 'वायान'चा वायांगशी काडीचाही संबंध नाही. बालीत थोरल्या अपत्याला वायान म्हणतात, 'वयाने मोठा' या अर्थाच्या 'वायाह'वरून. आता त्या 'वायाह'ला आपलं 'वय' चिकटवून दाखवणारं पत्र मला कुणी पाठवू नये.