मुलगा म्हणतो हॅकर व्हायचंय, काय करू?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या रिझल्टच्या लिंकमधला सीट नंबर बदलून बघितला तर दुसऱ्याचीच मार्कशीट उघडली, तेव्हापासून हॅकरच व्हायचंय म्हणतोय आणि तुमच्या डोळ्यासमोर पोलीस. एवढ्यावरून पोरगं बिघडलं असं मी तरी म्हणणार नाही.

हॅकर लोकांची सुरुवातच अशा उचापतखोर पोरांपासून झालीय. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या मॉडेल रेल्वे क्लबमधली मुलं १९६० च्या आसपास रात्ररात्र कॉम्प्युटरवर बसायची, १९६२ मधे तिथे पीडीपी-१ नावाच्या कॉम्प्युटरवर स्पेसवॉर हा गेम तयार झाला, पैशाबिशाचा काही संबंध नाही, मशीनकडून अजून काय करून घेता येईल हाच नाद. पुढे पेपरवाले घुसखोरांनाच हॅकर म्हणायला लागले तेव्हा ही मंडळी वैतागून त्यांना क्रॅकर म्हणायला लागली, पण ते काही लोकांच्या तोंडी बसलं नाही. ऑगस्ट २०१८ मधे पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी उडवले ते क्रॅकर.

पण मुलाला हेही सांगा की "मी फक्त बघत होतो" म्हणून सुटका होत नाही. रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने नोव्हेंबर १९८८ मधे इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सोडला, फायली उडवणारं त्यात काहीच नव्हतं, तो मशीनला विचारायचा की माझी कॉपी आधीच आहे का, आणि "हो" आलं तरी सातातून एकदा परत शिरायचाच, त्यामुळे कॉप्या वाढत गेल्या आणि हजारो मशीन ठप्प. त्याला शिक्षा झाली, ३ वर्षं प्रोबेशन म्हणजे देखरेखीखाली, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. (पुढे तो एमआयटीतच प्रोफेसर झाला, पण हे पोराला आत्ताच सांगू नका!) आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम ४३ मधे मालकाच्या परवानगीशिवाय शिरलं तर नुकसानभरपाई, आणि तेच बेइमानीने केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सगळं परवानगीवर अडलंय. बग बाउंटीवाल्या कंपन्या तर स्वतःच लिहून देतात की आमच्या अमुक साइट तपासा, चूक सापडली तर पैसे देऊ.

तेव्हा त्याने अजून नंबर बदलून बघणं आजच बंद करावं, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नये, आणि विश्वासातल्या एका सरांना सोबत घेऊन प्रिन्सिपलना मेल करावा, कुठल्या पेजवर काय केलं आणि काय दिसलं, बास. "पैसे द्या मग सांगतो" हे चेष्टेतही नको.

शिकायचं म्हणाल तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की करू दे. हॅकिंगच्या सरावासाठी ओव्हरदवायर साइटवरचा बँडिट हा लेव्हल-लेव्हलचा खेळ, पिकोसीटीएफ, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अॅकॅडमी, सगळं ऑनलाइन आणि फुकट आहे आणि तिथे फोडाफोडीला परवानगीच असते. सहा महिन्यांत एथिकल हॅकर (परवानगी घेऊन हॅकिंग करणारा) बनवणाऱ्या क्लासचे पैसे तूर्त भरू नका, आधी वर्षभर बँडिटच्या लेव्हल सोडवत टिकतो का बघा.

आणि मेल पाठवायच्या आधी एकदा तुम्ही वाचा. "तुमची सिस्टीम फालतू आहे" असलं काही लिहिलं असेल तर तेवढं काढायला लावा.