आधी बोर्डाचा कागद वाच, मग अपील लिही

अरे,

तुझा मेसेज वाचला. लष्करातून सुटताना पीआयव्हीडी एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेतल्या सरकलेल्या डिस्कला, पेन्शनसाठी २० टक्केच डिसॅबिलिटी लावली आणि पायातल्या नसेचं काही धरलंच नाही म्हणून चिडलायस, बरोबरच आहे. पण सुटताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाचा तो एएफएमएसएफ-१६ फॉर्म पूर्ण वाचलास का? बहुतेक पोरं टक्क्यांवर भांडत बसतात आणि क्लेम मेलेला असतो दुसऱ्याच रकान्यात, जिथे 'नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड' लिहिलेलं असतं, म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. तसं असेल तर २० चे ४० करून घेऊनही हातात काही पडणार नाही.

कॉपी नसेल तर अर्ज टाक, तू गनर आहेस, तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस, आर्टिलरी रेकॉर्ड्स, इथेच नाशिक रोड कॅम्पला आहे, बाकीच्यांना एवढं सुख नाही.

आता अपिलात काय लिहायचं. भरतीच्या वेळी पाठ ठणठणीत होती, तसं मेडिकलमध्ये नोंदलंय, आणि १५५ एमएम तोफेचा एकेक गोळा चाळीस किलोच्या वरचा, तो वर्षानुवर्षं उचललास, हे साध्या भाषेत लिही. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतूनच आला असं धरायचं, आणि नाही म्हणायचं तर बोर्डाने कारण द्यायचं. 'पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणी, सुरू झालं' हे मला तरी कारण वाटत नाही, देवळालीच्या रेंजवर काय गोळे हलके होतात का?

नसेचं वेगळं. एमआरआयमध्ये डिस्क दिसते, नस किती काम करते ते एनसीव्ही-ईएमजी या नसांच्या तपासणीत कळतं, ती करून घे आणि रॅडिक्युलोपथी, म्हणजे नस दबल्याचा त्रास, वेगळी डिसॅबिलिटी म्हणून माग. २१ सप्टेंबर २०२३ च्या आधी सुटला असशील तर पेन्शनसाठी टक्के वरच्या टप्प्यावर नेतात त्या राउंडिंगमध्ये २० पासून ५० च्या खालचं सगळं ५० च होतं, म्हणजे २० चे ३० करण्यात दम नाही. दोन्ही मिळून ५० गाठलं तर मात्र ७५ होतात. त्यानंतर सुटलेल्यांना नवे नियम, म्हणून डिस्चार्जची तारीख आधी कळव.

फर्स्ट अपील रिजेक्शन लेटरपासून सहा महिन्यांच्या आत, मग सेकंड, तिथेही नाही म्हणाले तर मुंबईची एएफटी, म्हणजे सैन्याचं न्यायाधिकरण. रिजेक्शन लेटरचं पाकीट फेकू नकोस, पत्र कधी आलं ती तारीख दाखवायला कामाला येतं. ड्राफ्ट घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पण त्याआधी रविवारी मला दाखव, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन ये, ओरिजिनल घरीच ठेव.