प्रश्न तुमचे: कॉलेजच्या आवारातली गुलाबबाग

प्रश्न: आमच्या घराजवळच्या कॉलेजात सर्वांना खुली गुलाबबाग आहे. दर श्रावणात झाडांची पानं पिवळी पडून गळतात आणि भाद्रपदापर्यंत काही झाडं शेंड्याकडून काळी पडत मरतात. माळीदादा म्हणतात, औषध कमी पडतं. खरं आहे का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: औषधाचा नंबर शेवटी. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. त्यामुळे आधी खालची पानं पिवळी होतात. मग अशक्त फांदीवर डायबॅकची बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत येते.

निचरा तपासायला ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाणी भरा, ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसलं, तर दोष जमिनीचा आहे. इथे एक चूक सर्रास होते. कडक काळ्या मातीत दोन फुटी खड्डा खणून तो भुसभुशीत मिश्रणाने भरतात. पावसात आजूबाजूचं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं आणि झाड हौदात उभं राहतं. खड्ड्यापेक्षा उंच वाफा करा: जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटर उंच आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि कुणी वाफ्यात पाय देत नाही. पायाखाली दाबलेली माती हेही सार्वजनिक बागेचं मोठं दुखणं आहे. भरणीला दोन भाग काळी माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कंपोस्ट. बारीक वाळू घालू नका, चिकणमातीत ती विटेसारखी घट्ट होते. दोन वाफ्यांमधल्या चराला १० मीटरला १० सेंटिमीटर उतार हवा.

सगळी बाग एकदम उपटू नका. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासह झाडं हलवा, वर्षाला दोन-तीन वाफे पुरेत. काळी फांदी मात्र आजच कापा: काळ्या भागाच्या ५ सेंटिमीटर खाली, आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईडचा लेप द्या, दुसऱ्या झाडाकडे जाण्याआधी कात्री स्पिरिटने पुसा आणि कापलेले तुकडे जाळून टाका.

कंपोस्टची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ आपल्याच गावातली. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती इथल्या संशोधन संस्थेत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकातून मांडली. आवारातला पाला, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर, हाताला ओलसर लागेल इतकंच पाणी, तीन वेळा पालटणी, तीन महिन्यांत खत तयार. पाला जाळणाऱ्या प्रत्येक आवाराने हे करायलाच हवं. फक्त गुलाबाची रोगट पानं त्यात नकोत.

प्रश्न: जानेवारीअखेर स्नेहसंमेलन असतं. तेव्हा बाग फुललेली हवी, तर छाटणी कधी करावी?
– एक प्राध्यापिका, इंदूर

उत्तर: छाटणीपासून फुलापर्यंत सहा ते सात आठवडे लागतात. १० ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान छाटा, पहिला बहर नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंत येईल. त्याची फुलं सुकली की देठ फुलाखालच्या पाच पर्णिका असलेल्या पहिल्या पानापर्यंत कापा. दुसरा बहर जानेवारीच्या उत्तरार्धात मिळेल. थंडी कडक पडली तर तो आठवडाभर लांबतो, म्हणून वाफे दोन टप्प्यांत, आठ दिवसांच्या अंतराने छाटा.

हायब्रिड टीच्या (एका देठावर एकच मोठं फूल येणाऱ्या गुलाबाच्या) चार ते सहा निरोगी फांद्या ठेवून त्या ४५ सेंटिमीटरवर आणा. फ्लोरिबंडाचा (झुपक्यांनी फुलणाऱ्या गुलाबाचा) वरचा एक-तृतीयांश भागच काढा. काप बाहेर वळलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका. नंतर झाडामागे ५ किलो कंपोस्ट, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. हाडांचा चुरा आपल्या चुनखडीच्या मातीत जवळजवळ वाया जातो, कारण त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) आम्ल जमिनीतच मोकळं होतं.

प्रश्न: बोअरचं पाणी देतो. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं का?

उत्तर: लोह कमी पडतंय. ते मातीत असतं, पण चुनखडीमुळे आणि जड पाण्यामुळे मुळांना मिळत नाही. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा. दहा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या. नवी पानं हिरवी आली की थांबा. जुनी खालची पानं पिवळी असतील तर हा उपाय नाही, वरचं पहिलं उत्तर पाहा.

प्रश्न: लाल गुलाबाच्या झाडाला अचानक बारीक, फिकट फुलांचे झुपके आले. जात बदलली का?

उत्तर: नाही. डोळा भरलेल्या जागेच्या खालून खुंटाचा, म्हणजे ज्या गुलाबावर कलम केलं त्याचा, फुटवा आला आहे. वरून कापलात तर तो पुन्हा फुटेल. माती उकरून तो निघालाय तिथपर्यंत जा आणि मुळाशी ओढून काढा. नवं झाड लावताना डोळ्याची गाठ मातीच्या ४-५ सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे असे फुटवे लगेच नजरेस पडतात.

प्रश्न: गळालेल्या पाकळ्यांचा गुलकंद करावा का?

उत्तर: या बागेतल्या नको. तिथे कीडनाशक आणि बुरशीनाशक फवारलं जातं. गुलकंदासाठी न फवारलेला सुवासिक देशी गुलाबच घ्या.