भावाच्या सीटी रिपोर्टवर ‘पल्मोनरी अल्व्हिओलर मायक्रोलिथियासिस’ आलंय. बडोद्यातले नातेवाईक दूध-दही बंद करा म्हणतात. करावं का?

नाही, कृपया दूध तोडू नका. यात फुप्फुसात बारीक खडे साठतात, पण हा कॅल्शियम जास्त खाल्ल्याचा आजार नाही, रक्तातलं कॅल्शियम यात बहुतेकदा नॉर्मलच असतं. बिघाड एका जनुकात असतो, एसएलसी३४ए२ मध्ये (२००६ साली हा संबंध सापडला). फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमधून फॉस्फेट उचलून नेणारं प्रथिन या जनुकामुळे बनतं. ते नीट चाललं नाही की फॉस्फेट तिथेच पडून राहतं, कॅल्शियमशी जुळतं आणि वाळूच्या कणांएवढे खडे होतात.

एक्स-रे दोन्ही बाजूंनी पांढरा दिसतो, पण पेशंट मात्र जिना चढून येतो, गप्पा मारतो. हीच यातली मोठी खूण. आपल्याकडे हे चित्र मिलियरी टीबी (बारीक दाण्यांसारखा पसरलेला क्षय) समजून औषधं सुरू होतात. भावाचीही सुरू असतील तर स्वतःहून थांबवू नका. रिपोर्ट आणि सीडी घेऊन बडोद्याच्या सयाजी रुग्णालयाच्या किंवा दुसऱ्या चांगल्या छातीरोगतज्ज्ञांना भेटा.

खडे विरघळवणारं खात्रीचं औषध अजून नाही, फुप्फुस धुऊनही ते निघत नाहीत. आजार वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. पुढे ऑक्सिजन लागू शकतो, अगदी शेवटी प्रत्यारोपण. विडी-सिगारेट असेल तर आजच सोडायला लावा.

आणि तुमचाही एक्स-रे काढा, त्रास नसला तरी. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा होतो, म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडाला २५ टक्के शक्यता असते.