कर्ज काढून मोठं कॉलेज, की परवडणारं साधं?

‘कर्ज काढून नावाजलेल्या कॉलेजात घालू, की परवडतंय तिथेच शिकू दे?’ प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्यातलं एक प्रकरण इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलीला कॉम्प्युटरच्या पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक कॉलेज लांबचं, नावाजलेलं, भरमसाट फीचं. दुसरं घरून जाऊन-येऊन करण्यासारखं, फी जवळपास चौथा हिस्सा. वडील ठाम होते. “मॅडम, मी कर्जाला घाबरत नाही. पैशापायी पोरीचं नुकसान व्हायला नको.” मुलगी गप्प. नंतर मी तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “बाबांनी एवढं घातलं आणि मला नोकरीच लागली नाही तर?” ही भीती तिने घरी कधी बोलून दाखवली नव्हती, कारण ती बोलली तर वडिलांना वाटेल की हिला शिकायचंच नाही.

पुढच्या भेटीत तिघांनी कागद घेऊन बसायचं ठरवलं. वडिलांचा हिशोब सोपा होता: एकूण फी भागिले महिने, झाला हप्ता. व्याज ते नोकरी लागल्यापासून धरत होते. प्रत्यक्षात कर्जाचा पैसा कॉलेजकडे गेला की व्याज सुरू होतं, हप्ते नंतर सुरू झाले तरी. समजा चार वर्षांत दरवर्षी २५ असे एकूण १०० उचलले, व्याज १० टक्के सरळ, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्त्यांपासून सवलत. पहिला हप्ता भरायच्या आधीच देणं १३५ झालेलं असतं. ते दहा वर्षांत फेडलं तर हातचे जातात सुमारे २१४. तेच व्याज शिकतानाच भरत गेलं तर सगळं मिळून १९४च्या आसपास. वडिलांनी हे आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझा कर्जाला विरोध नाही. पण नेहमीच्या बँक कर्जाला पगाराशी देणंघेणं नसतं. पगार कमी असो वा नसो, हप्ता तोच. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून सरकारी शिक्षण-कर्जाची फेड उत्पन्नाला जोडलेली आहे, कमाई ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर फेड थांबते. तशी सोय नसेल तर धोका सगळा घरावर येतो, आणि मग कॉलेज कोणत्या आधारावर नोकरीची हमी देतंय हे तपासावंच लागतं.

नावाजलेल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘९० टक्के प्लेसमेंट’ असं ठळक छापलं होतं. मी मुलीला विचारलं, कशाच्या ९० टक्के? समजा प्रवेश घेतला १२० जणांनी, मुलाखतींसाठी पात्र ठरले ५०, नोकरी लागली ४५ जणांना. टक्केवारी ९० खरीच, पण प्रवेश घेणाऱ्यांच्या हिशोबाने ती ३७ च्या आसपास. सरासरी पगाराचंही तसंच. नऊ जणांना ३ आणि एकाला ३३ मिळाले की सरासरी ६ होते, आणि ६ पगार वर्गात कुणालाच नसतो. म्हणून सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार विचारायचा.

तिने दोन्ही कॉलेजांना ईमेल केले: प्रवेश किती, वेळेत पदवी किती, नोकरी किती, मधला पगार किती. नावाजलेल्या कॉलेजने तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवलं. दुसऱ्याकडून एका प्राध्यापकांचा चार ओळींचा मेल आला, आकडे फार देखणे नव्हते, पण होते.

‘वेळेत पदवी किती’ हा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कर्ज घेऊन पदवी मिळवलेला मुलगा उशिरा का होईना मार्गी लागतो. कर्ज घेऊन मध्येच शिक्षण सुटलेल्याच्या पदरी कर्ज तेवढं राहतं.

आणखी एक गोष्ट वडिलांना मनापासून नकोशी होती: फी-सवलतीसाठी अर्ज. “हात पसरल्यासारखं वाटतं.” ज्यांच्यासाठी सवलत ठेवलेली असते तेच संकोचाने मागत नाहीत, हे मी वारंवार पाहते. अर्ज केला. नावाजलेल्या ठिकाणची मुदत उलटून गेली होती. दुसरीकडे निम्मी फी माफ झाली.

मुलीने दुसरं कॉलेज निवडलं. वडिलांची रुखरुख पुरती गेलेली नाही, आणि ती अगदीच खोटीही नाही: मोठ्या कॉलेजातल्या ओळखींचा फायदा असतो. तो तिला कष्टाने भरून काढावा लागतोय.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली ती वेगळीच अडचण घेऊन. चांगल्या इंटर्नशिप बिनपगारी होत्या, आणि तीन महिने फुकट काम करणं घराला झेपणारं नव्हतं. फीच्या हिशोबात हा खर्च कुणीच धरत नाही. पगारी संधी मिळेपर्यंत तिने कॉलेजच्याच कार्यालयात रोजचे दोन तास मोबदल्यावर काम घेतलं. तिथे हजेरीच्या नोंदी हाताने उतरवल्या जायच्या, त्यासाठी तिने छोटा प्रोग्राम लिहिला. बायोडेटात पहिली ओळ कोणती टाकायची, यावर आमचा अजून वाद चालू आहे. ती म्हणते पदवी, मी म्हणते तो प्रोग्राम.