शिक्षणातल्या विषमतेवर कादंबरी लिहिताना

प्रश्न : मी मुंबईत पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे आणि शिक्षणातल्या विषमतेवर कादंबरी लिहीत आहे. तिच्यात दोन मुली आहेत. एक गोवंडीच्या वस्तीत राहते आणि महापालिकेच्या शाळेत जाते, तर दुसरी दादरला राहते आणि महागड्या इंग्रजी शाळेत शिकते. एकाआड एक प्रकरणांतून दोघींची आठवीपर्यंतची आयुष्ये मांडावीत आणि शेवटी गोवंडीच्या मुलीने दहावीला नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवावेत, असा आराखडा आहे. मैत्रिणींना काही भाग वाचून दाखवला, तेव्हा ‘हा निबंध वाटतो’ असे त्या म्हणाल्या. जमवलेली माहिती पात्रांच्या तोंडी घातली की संवाद कृत्रिम होतात. शिवाय मी स्वतः खाजगी शाळेत शिकले आहे. गोवंडीच्या मुलीच्या तोंडून ‘मी’ म्हणून लिहिण्याचा मला अधिकार आहे का?
– एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : तुमच्या मैत्रिणींचे म्हणणे मला पटते आणि त्याचे मूळ तुमच्या आराखड्यातच आहे. ज्या दोघींची कधी गाठच पडत नाही, त्यांच्यात कादंबरीला लागणारे काही घडत नाही. वाचक पहिल्या दोन प्रकरणांतच तुलना करून मोकळा होतो आणि पुढची पाने त्याला ठाऊक झालेलीच गोष्ट पुन्हा सांगत राहतात. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, या दोघींना एकाच वर्गात आणा, आणि ती शाळा गोवंडीच्या जवळची असू द्या. त्यासाठी ओढूनताणून योगायोग रचण्याची गरज नाही, कारण कायद्यानेच ती वाट करून ठेवलेली आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत आणि मुंबईतल्या नावाजलेल्या शाळांपैकी बऱ्याच त्यांत मोडतात, हेही लक्षात असू द्या. गोवंडीच्या आईला शाळांची यादी पाहतानाच ते कळेल.

या प्रवेशाची प्रक्रिया तुम्ही बारकाईने समजून घ्यावी, कारण तुमच्या कादंबरीचा गाभा मला तिथे दिसतो. नियम सर्वांना सारखाच असतो, पण तो वेगवेगळ्या घरांत शिरला की वेगवेगळा वागतो. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्या कुटुंबाला वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला जोडावा लागतो. ज्या बाईला धुण्याभांड्याचे पैसे रोख मिळतात, तिने तो कशाच्या आधारावर मिळवायचा? भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो. वस्तीतला घरमालक करार नोंदवायला सहसा राजी नसतो, आणि फारच गळ घातली तर खोली खाली करा म्हणतो. त्यानंतर येतो नकाशा. ऑनलाइन अर्ज भरताना आपले घर जिथे आहे, तिथे नकाशावरचा बलून नेऊन ठेवावा लागतो, कारण घर आणि शाळा यांच्यातले अंतर त्यावरून मोजले जाते. गोवंडीच्या बैंगनवाडी वस्तीतल्या एखाद्या सायबर कॅफेत बसलेली आई डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर नुसती पत्र्याची छपरे दिसतात, सगळी सारखी. तिला आपले घर पिठाच्या गिरणीवरून आणि पाण्याच्या नळावरून ओळखता येते, पण वरून पाहिलेल्या छपरांत गिरणीही नाही आणि नळही नाही. मागे रांग लागलेली असल्यामुळे कॅफेतला मुलगा अंदाजाने बलून टेकवतो, आणि तो चार गल्ल्या पलीकडे पडतो. पुढे प्रवेशाच्या सोडतीत मुलीचा नंबर लागतो, आनंदाने पेढे वाटले जातात, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत पत्ता आणि नकाशावरचे ठिकाण जुळत नसल्याचे निघते. या एका प्रसंगात कोणीही वाईट वागलेले नाही, कोणी कोणाचा अपमान केलेला नाही, आणि तरीही मुलीचा प्रवेश टांगणीला लागला आहे. असे प्रसंग तुम्ही लिहिलेत, तर विषमतेबद्दल वेगळे वाक्य लिहावे लागणार नाही.

कथेत गोवंडीच्या मुलीला धाकटी बहीण दिलीत, तर तिच्या प्रवेशासाठी २०२४ या वर्षाचा विचार अवश्य करा. त्या वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर जवळच्या खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट दिली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्द ठरवला. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात. म्हणजे निकालाची वाट पाहणाऱ्या घरातली मुलगी, शेजारची मुले दप्तर घेऊन निघालेली पाहत पावसाळ्याचे पहिले आठवडे दारातच बसून असणार. फक्त त्या आठवड्यांवर एक प्रकरण होऊ शकते.

माहिती पात्रांच्या तोंडी न घालता त्यांच्या हाती द्यावी, असे मी सुचवेन. दाखला, पावती, अर्ज, फोनवर आलेला निरोप या वस्तू बोलत नाहीत, पण पात्रांना काहीतरी करायला लावतात. उदाहरणार्थ, वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट घ्या. त्यावरचे सगळे निरोप इंग्रजीत येतात आणि आईला ते मुलगीच वाचून दाखवते. सहलीचे दोन हजार रुपये शुक्रवारपर्यंत भरावेत, असा निरोप येतो. मुलगी तो मनात वाचते, क्षणभर थांबते आणि ‘उद्या पीटीचा गणवेश घालायचाय’ एवढेच सांगून फोन खाली ठेवते. आठ वर्षांच्या मुलीने आईला न कळू देता घरखर्चाचा निर्णय घेतलेला आहे. विचारांच्या बाबतीतही तसेच. महात्मा फुले यांनी १८८२ साली, ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे असे मांडले होते की, सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. लेखिका म्हणून तुम्हाला हे पक्के माहीत हवे. कोणत्या शिक्षकाने ते वर्गात सांगायचे, हा प्रश्न मात्र पुढचा आहे, आणि कदाचित कोणीच सांगू नये.

अधिकाराच्या प्रश्नाला मी टाळाटाळ न करता उत्तर देते. कोणी कोणाविषयी लिहावे यावर बंदी नसते, परंतु ‘मी’ म्हणून लिहिताना त्या मुलीची भूक, तिची लाज, तिचा राग आणि तिची चेष्टामस्करी हे सगळे आतून यावे लागते. मराठीत दलित आत्मकथनांनी शाळेचा अनुभव ज्या नेमकेपणाने लिहिला आहे, तो वाचलेल्या वाचकाला उसना ‘मी’ लगेच ओळखू येतो. माझा सल्ला असा की, ‘मी’ दादरच्या मुलीला द्यावा. ती शेजारच्या बाकावर बसते, बरेच पाहते, थोडेच समजते, आणि मोठी झाल्यावर आपल्याला काय दिसले नव्हते ते तिच्या ध्यानात येऊ लागते. हे आयुष्य तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यातले आंधळे कोपरेही ठाऊक असणार. शिवाय २५ टक्क्यांतून शिकलेल्या सुरुवातीच्या तुकड्यांतली मुले आज साधारण तुमच्याच वयाची आहेत. त्यांना भेटा, प्रश्नावली न घेता भेटा, आणि त्यांचे बोलणे जसेच्या तसे टिपून ठेवा. मूळ जालन्याच्या कुटुंबातली मुलगी घरी एक मराठी बोलेल, गल्लीत हिंदी बोलेल आणि वर्गात इंग्रजी. या तिन्ही बोलण्यांचा कान तुम्हाला असेच ऐकून येईल.

आता शेवटाविषयी. नव्वद टक्क्यांचा शेवट मला मान्य नाही. तो वाचल्यावर, हुशार असेल तर कोणीही पुढे जाते, असे वाचकाला वाटते आणि तुमची सगळी कादंबरी तिच्याच विरोधात उभी राहते. प्रवेशाचा हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेत राहायचे तर पूर्ण फी भरावी लागते, आणि ती न जमल्यास आठ-नऊ वर्षांच्या मैत्रिणी, शिक्षक आणि माध्यम सोडून दुसरी शाळा शोधावी लागते. मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळा पुष्कळ आहेत, माध्यमिक शाळा त्या मानाने थोड्या. मग कोणी घरी बसते, कोणी कामाला लागून रात्रशाळेत नाव घालते, कोणी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसते. यांपैकी तुमची मुलगी काय करील, हे मी सांगणार नाही. तुमच्या आराखड्यात आठवीनंतर एकदम निकालाचा दिवस येतो आणि मधली दोन वर्षे कोरी आहेत. सर्वांत आधी ती लिहायला घ्या, आणि त्यानंतरच पहिल्या प्रकरणाकडे परत या.